भाव हाती आला, वही कोणाच्या हाती?

आटपाडी तालुक्यातल्या खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेत खिलार जनावरांचा जो बाजार भरतो, त्या बाजारातला सौदा परंपरेने उघड्या तोंडाने होत नसे. घेणाऱ्याचा व देणाऱ्याचा हात उपरण्याखाली जाई, दलालाची बोटे त्या आडोशाला कधी एकाचे तर कधी दुसऱ्याचे मन चाचपून पाहत, आणि भोवती कोंडाळे करून उभ्या राहिलेल्या माणसांना त्या दोघांच्या चेहऱ्यांवरील छटांवाचून दुसरे काहीही कळत नसे. त्या उपरण्याखाली दलालाचे खरे भांडवल दडलेले असे. बैल त्याच्या मालकीचा नव्हता, पैसाही त्याचा नव्हता. उभयपक्षांना ठाऊक नसलेला भाव तेवढा त्याला ठाऊक होता, आणि त्या एका गुपितावर त्याचा प्रपंच सुखाने चाले.

गेल्या दहा वर्षांत माणदेशात मोबाईलने पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर ती हे उपरणे दूर सारण्याची. खिलारच्या ज्या पोटजाती जाणकार मानतात, त्यांपैकी एकीचे नावच मुळी 'आटपाडी महाल' आहे. औंध संस्थानच्या कारभारातला हा महाल संस्थानाबरोबर इतिहासजमा झाला, परंतु जनावराच्या अंगावर त्याचे नाव अद्याप टिकून राहिले. आज या खिलारचा खोंड विकायचा झाला, म्हणजे मालकाचा मुलगा सकाळच्या तिरप्या उन्हात त्याला अंगणात उभा करतो, चार पावले चालवून दाखवतो, जबडा उघडून तो आदत (दुधाच्या दातांचा) आहे की दुसा (दोन पक्क्या दातांचा) याची साक्ष काढतो, आणि ते चलच्चित्र व्हॉट्सॲपवरून पुणे-सोलापूरकडच्या आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातल्या गिऱ्हाइकांकडे रवाना करतो. 2021च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली आणि 2023च्या मे महिन्यात घटनापीठाने त्यासंबंधीचा कायदा कायम केला. त्यानंतर चपळ खोंडाला मागणी आली, आणि शर्यतीतल्या बैलाची कीर्ती तालुक्याच्या वेशीत अडकून पडण्याचे दिवस संपले. तरीही, हे नमूद केले पाहिजे की, केवळ चित्र पाहून बयाणा देणारा मनुष्य खेडोपाडी अजून मूर्खांतच गणला जातो. पाठीवरून हात फिरवल्यावाचून, चाल प्रत्यक्ष पाहिल्यावाचून, आणि मालकाच्या घरचा चहा घेतल्यावाचून व्यवहार पुरा होत नाही.

भावाचे गुपित फुटण्याचा हाच प्रकार गलाईच्या धंद्यातही घडला. खानापूर-आटपाडीच्या कोरड्या माळावरून पोटापाण्यासाठी बाहेर पडलेल्या माणसांनी सोने-चांदी गाळण्याच्या भट्ट्या देशभर, थेट केरळ-तमिळनाडूपासून उत्तरेपर्यंत, गावोगाव लावल्या; सराफी पेठेच्या एखाद्या बोळात मूस, भट्टी आणि तेजाब एवढ्या सामग्रीवर त्यांनी घरे उभी केली, आणि गावाकडच्या देवळांचे जीर्णोद्धारही केले. ज्या काळी मुंबईचा भाव परगावी कळण्यास ट्रंककॉल लावून ताटकळत बसावे लागे, त्या काळी भाव आधी कळणाऱ्याचा फायदा आणि उशिरा कळणाऱ्याचा तोटा हे ठरलेलेच होते. आता क्षणोक्षणीचा भाव गलाईवाल्याच्या खिशात असतो, आणि जुन्या दागिन्यांची मोड घेऊन आलेल्या बाईच्या पर्समध्येही असतो. तेव्हा कमाई भावातील तफावतीवर न राहता कारागिरीवर आणि इमानावर आली. हा बदल मला तरी इष्ट वाटतो.

वार्ता स्वस्त झाली की बाजार शहाणा होतो, हे अर्थशास्त्राचे जुने गृहीतक आहे, आणि त्याचा एक सुंदर पुरावा आपल्याच देशात मिळाला. रॉबर्ट जेन्सन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने उत्तर केरळच्या किनाऱ्यावर 1997 ते 2001 या काळात मोबाईल पोहोचत असताना तारली मासळीच्या बाजाराचा अभ्यास केला व तो 2007 साली प्रसिद्ध केला. फोन येण्यापूर्वी एका बंदरावर गिऱ्हाईक नाही म्हणून मासळी फेकून द्यावी लागे, आणि त्याच दिवशी काही मैलांवरच्या बंदरात गिऱ्हाईक मासळीवाचून परत जाई. फोन आल्यावर होडी समुद्रात असतानाच कोळी चार बंदरांचे भाव विचारू लागला, नासाडी जवळजवळ थांबली, कोळ्याचा नफा सरासरीने 8 टक्के वाढला आणि खाणाऱ्याला मासळी 4 टक्क्यांनी स्वस्त मिळाली. दोन्ही पक्षांचे हित एकाच वेळी साधल्याची अशी उदाहरणे व्यापाराच्या इतिहासात थोडी आहेत.

मग आटपाडीच्या डाळिंब-बागाईतदाराला हाच लाभ का मिळू नये? त्याच्याही हाती फोन आहे; आटपाडी, सांगोला, पंढरपूर, पुणे येथील सौद्यांचे आकडे संध्याकाळपर्यंत त्याच्या गावच्या ग्रुपवर येऊन पडलेले असतात; 2016च्या जुलैत राज्य शासनाने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केल्यामुळे बांधावर माल विकण्यासही त्याला कोणी आडकाठी करीत नाही. परंतु केरळचा कोळी होडीचे सुकाणू वळवून दुसऱ्या बंदरास लागू शकत होता, आणि होडी त्याच्या कबजात होती. आमच्या बागाईतदाराचे तसे नाही. त्याने बहर धरताना औषधे उधारीवर उचललेली असतात, क्वचित व्यापाऱ्याकडूनच उचल घेतलेली असते. तेल्या रोगाचे डाग फळावर दिसू लागले की त्याचा धीर सुटतो. माल ठेवावा तर शीतगृह जवळ नाही, आणि दूरच्या बाजारी न्यावा तर भाड्याच्या टेम्पोचा खर्च आधी अंगावर पडतो. पुण्याचा चढा भाव त्याला वाचता येतो, घेता येत नाही. व्यापारी बागेवर येतो, चार क्रेट उपसून मोठे फळ वेगळे काढतो, डागी माल बाजूला सारतो, आणि ज्या भावाची चर्चा फोनवर झाली होती तो 'एक नंबर' मालाचा होता, एवढे शांतपणे सांगतो. या प्रसंगी बागाईतदाराच्या हातातला फोन कोणत्याही पक्षाची वकिली करीत नाही. टेंभू योजनेने कृष्णेचे पाणी या दुष्काळी मुलखात चढवून आणले, आणि त्यासाठी नागनाथअण्णा नायकवडी व भारत पाटणकर यांच्या पुढाकाराने आटपाडीला पाणी परिषदा भरवाव्या लागल्या. पाण्याच्या पाठोपाठ थांबण्याची ऐपत मात्र आपोआप चालत आली नाही. तिच्यासाठी तारणावर कर्ज, सामायिक वाहतूक आणि शीतगृह हवे, आणि यांतले काहीही फोनच्या पडद्यातून उगवणारे नाही.

तथापि माझा खरा मुद्दा भावाचा नसून वहीचा आहे.

आपल्याकडे दुकानदार रोजमेळ लिहीत असे, त्यावरून खतावणी होई, आणि दिवाळीत लक्ष्मीपूजनाला त्याच वहीवर हळद-कुंकू वाहिले जाई. वही दुकानात राही. कोणाची उधारी किती, कोण चोख आणि कोण टाळाटाळ करणारा, सुगीच्या आधी कोणता माल हलतो, ही सगळी विद्या त्या लाल बासनात बांधलेली असे, आणि मालकाच्या मर्जीवाचून तिला दुसरा वाचक नव्हता. 2016 साली यूपीआय आले, त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात नोटाबंदी झाली, आणि पाहता पाहता भाजीच्या पाटीपासून सराफी पेढीपर्यंत क्यूआर कोडचे चौकोन लटकले. 2025च्या ऑगस्टमध्ये देशभरातील अशा व्यवहारांची एका महिन्याची संख्या 2000 कोटींच्या वर गेली. सोय निर्विवाद आहे. सुट्ट्या पैशांची कटकट गेली, आणि रक्कम जमा झाल्याची वर्दी देणारी ती बोलकी पेटी दुकानदाराला इतकी सवयीची झाली आहे की ती अबोल राहिल्यास तो गिऱ्हाइकाकडे संशयाने पाहतो.

परंतु या सोयीचा मेहनताना कोण देतो? 1 जानेवारी 2020 पासून यूपीआयच्या व्यवहारावर दुकानदाराकडून शुल्क घेण्यास मनाई आहे. म्हणजे यूपीआयचे ॲप चालवणाऱ्या कंपनीला आपले उत्पन्न अन्य मार्गांनी काढणे प्राप्त आहे. त्या बोलक्या पेटीचे भाडे, जाहिराती, आणि मुख्यतः दुकानदाराला व गिऱ्हाइकाला देऊ केलेली कर्जे हे ते मार्ग. कर्ज कोणाला द्यावे हे ठरते कशावरून? त्याच रोजच्या जमेच्या नोंदींवरून, म्हणजे जी किर्द पूर्वी दुकानदार स्वतः लिहीत व स्वतःच्या कपाटात ठेवीत असे, तिच्यावरून. वही बासनातून निघून परक्या दप्तरखान्यात गेली, आणि मालकाला तिचा पत्ताही धड सांगता येत नाही.

ती वही सरकारदरबारीही साक्ष देते, याचा अनुभव शेजारच्या कर्नाटकात 2025च्या जुलैमध्ये आला. यूपीआयच्या जमेवरून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, आणि बेंगळुरूच्या काही दुकानांवर 'यूपीआय नाही, फक्त रोख' असे फलक लागले. ज्याची उलाढाल कराच्या मर्यादेपलीकडे आहे त्याने कर भरावा, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही; पण ज्याने आयुष्यात कधी खतावणी केली नाही अशा भाजीवाल्यास त्याच्याच नावाचा हिशेब प्रथम नोटिशीतून वाचावयास मिळावा, ही परिस्थिती समाधानाची म्हणता येत नाही.

या ठिकाणी वारणेची आठवण करणे उचित होईल. तात्यासाहेब कोरे यांच्या सहकारी कारखान्याच्या परिसरातील सुमारे 70 गावांत 1998 साली संगणक-केंद्रे उभारण्याचा मोठा प्रकल्प केंद्र शासनाच्या साह्याने झाला, आणि त्याचा गाजावाजाही पुष्कळ झाला. पुढे असे दिसून आले की, शेतकरी त्या केंद्रावर बहुधा एवढेच विचारतो: माझा ऊस किती टन भरला, माझे खत किती आले, माझी रक्कम किती. तेव्हा 2006च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी 7 गावांत संगणक काढून साधा मोबाईल ठेवला. संदेश पाठवावा, उत्तर यावे, एवढीच योजना, आणि ती स्वस्तही पडली व लोकांना रुचलीही. या प्रयोगाकडे लोक काटकसरीचा धडा म्हणून पाहतात. मला त्यात दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते: तो हिशेब शेतकरी ज्या संस्थेचा सभासद होता त्या संस्थेच्या दप्तरात होता, त्या संस्थेच्या सभेत उभे राहून त्याला जाब विचारता येत होता, आणि फोन ही केवळ त्या दप्तराची खिडकी होती.

सरकारनेही असा एक प्रयोग केला आहे. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत, जे काम तलाठ्याने बांधावर जाऊन किंवा (खरे बोलायचे तर) पुष्कळदा चावडीत बसूनच उरकावयाचे, ते शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून, पिकाचे छायाचित्र काढून करावयाचे आहे. रेंज मिळत नाही, ॲप अडते, या तक्रारी खऱ्या आहेत. पण सातबाऱ्यावर आपले पीक आपण लिहावे, ही कल्पना मामलेदार कचेरीच्या दीडशे वर्षांच्या शिरस्त्यात क्रांतिकारकच म्हटली पाहिजे.

आता नोंदींवरून माणसाची पत ठरवणारी यंत्रे आली आहेत, आणि मराठीत बोलून कर्जाचा अर्ज भरून देणारी यंत्रेही येऊ घातली आहेत. ज्याला सावकाराच्या ओसरीवर तिष्ठावे लागे त्याला हे वरदानही ठरू शकेल, हे मी अमान्य करीत नाही. मात्र त्याआधी आटपाडीजवळचे स्वतंत्रपूर आठवावे. 1939 साली, औंधच्या राजेसाहेबांनी प्रजेला स्वराज्याची घटना दिली त्या वर्षी, मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या कल्पनेतून तेथे शिक्षा झालेल्या कैद्यांना भिंतीवाचून शेती करू देण्यात आली. शेटफळ्यात जन्मलेल्या गदिमांनी त्यावरच 'दो आँखें बारह हाथ' या 1957च्या चित्रपटाची कथा रचली. गतायुष्याच्या नोंदींवरून पत मोजणाऱ्या कोणत्याही यंत्राने त्या माणसांच्या हाती कुदळ दिली नसती. ती देणारा एक मनुष्य होता, त्याने जोखीम पत्करली होती, आणि निर्णय चुकल्यास प्रजेला त्याचे नाव ठाऊक होते.

म्हणून माझी सूचना अशी की, आमच्या सहकारी संस्थांनी ही वही आपल्याकडे घ्यावी. 2022 साली केंद्र शासनाने 63,000 प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी 2,516 कोटी रुपयांची योजना मंजूर केली; त्यातून सोसायटीच्या सचिवाच्या टेबलावर संगणक आला तर काम निम्मेच झाले असे समजावे. सभासदाला त्याच्या फोनवर त्याचे कर्ज, व्याज आणि भागभांडवल मराठीत दिसले पाहिजे. बाजार समितीने सौद्याची पट्टी, हमाली-तोलाईच्या कपातीसह, सौदा संपताच शेतकऱ्याच्या फोनवर पाठवली पाहिजे, आणि तीन वर्षांच्या पट्ट्या एकत्र करून तारण म्हणून कोणत्याही बँकेपुढे ठेवता आल्या पाहिजेत. नोंद धारकाच्या संमतीने एका वित्तसंस्थेकडून दुसरीकडे नेण्याची 'अकाउंट ॲग्रिगेटर' ही व्यवस्था रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली 2021पासून चालू आहेच; बाजार समितीची पट्टी व सोसायटीचा खातेउतारा अशाच रीतीने सभासदाच्या संमतीने फिरू लागला, तर बागाईतदाराला बहर धरताना उचलीसाठी व्यापाऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागणार नाही, आणि मग पुण्याचा भाव त्याच्या खरोखर उपयोगी पडेल.

सहकारी संस्थांचा कारभार आदर्श आहे असा माझा भ्रम नाही. तेथील दप्तरे कोणकोणत्या कारणांनी गहाळ होतात हे सांगली जिल्ह्याला वेगळे सांगण्याची गरज नाही. पण तेथे निदान दार ठोठावता येते. संस्थांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेर घ्याव्या लागतात, आणि त्या सभांतून लाभांशाचा टक्का आणि जेवणाची व्यवस्था यांवरच बहुतेक वेळ जातो. यंदा एखाद्या सभासदाने मुदतीत लेखी सूचना देऊन 'सभासदांचा हिशेब सभासदांच्या मोबाईलवर' हा विषय विषयपत्रिकेवर घालून घ्यावा, अनुमोदक आधीच शोधून ठेवावा, आणि चर्चा जेवणापूर्वी होईल अशी तजवीज करावी.