तक्रार पुरे, वर्गणी भरा

‘मीडिया आपलं काही छापत नाही’ हे वाक्य खामगावपासून मेहकरपर्यंत आपल्या प्रत्येक बैठकीत ऐकू येतं. ते खोटं नाही. पण पुढे आपण काय करतो? निवेदन देतो, फोटो काढतो, ग्रुपवर टाकतो आणि घरी जातो.

डॉ. आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ हे पाक्षिक काढलं. पैसे देऊनही ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापली नाही. बाबासाहेब निवेदन घेऊन ‘केसरी’च्या दारात गेले नाहीत. शाहू महाराजांनी दिलेल्या अडीच हजार रुपयांच्या बळावर त्यांनी स्वतःचा अंक काढला.

जयंतीच्या भाषणात पुढचा भाग कुणी सांगत नाही. ‘मूकनायक’ १९२३ मध्ये बंद पडलं. महाडच्या सत्याग्रहानंतर, ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’ सुरू झालं. तेही १९२९ मध्ये थांबलं. चोवीस-चोवीस रकाने एकट्याने लिहिणारा संपादक होता. लिहायला विषय भरपूर होते, कमी होते ते वर्गणीदार.

याउलट शिकागोत १९४२ मध्ये जॉन जॉन्सन या कृष्णवर्णीय तरुणाने आईचं फर्निचर गहाण ठेवून पाचशे डॉलर उभे केले आणि लोकांना पत्रं पाठवली: मासिक काढतोय, दोन डॉलर आधी भरा. सुमारे तीन हजार लोकांनी भरले. त्याच माणसाने १९५१ मध्ये ‘जेट’ हे साप्ताहिक काढलं. १९५५ मध्ये मिसिसिपीत गोऱ्यांनी ठार मारलेल्या चौदा वर्षांच्या एमेट टिलचा ओळखू न येणारा चेहरा ‘जेट’ने छापला आणि अमेरिका हादरली. ते छापायला स्वतःचं साप्ताहिक हातात असावं लागलं.

‘आता मोबाइल आहे, पत्रिका कशाला?’ असं विचारणाऱ्यांना माझ्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातली गोष्ट सांगतो. फुकटचं पेज आपलं नसतं. पोस्ट किती जणांना दाखवायची हे कंपनीचा अल्गोरिदम ठरवतो, आणि पेज एका रात्रीत गायब होऊ शकतं. स्वतःची वेबसाइट चालवणं फार महाग नाही. महाग असतो तो बातमीदार: तहसीलमध्ये जाऊन कागद वाचणारा, समोरच्या बाजूलाही फोन करणारा, उर्दूइतकंच चोख मराठी लिहिणारा, आणि वेळ आली तर आपल्याच ट्रस्टींकडे हिशोब मागणारा.

असा एक माणूस जिल्ह्यात पगारावर ठेवायची आपली ऐपत आहे. वलीम्याच्या मंडपावर आपण किती उधळतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून पुढच्या बैठकीत ‘मीडिया’ हा शब्द काढणाऱ्यापुढे आधी पावतीपुस्तक ठेवा.