घंटी यंत्राची, वेळ कोणाची?

कचेरीतील कामाचा ओघ संगणकाने हाकावा आणि कामाच्या प्रत्येक टप्प्याची वर्दी कर्मचाऱ्यांच्या मोबाईलवरील ग्रुपमध्ये आपोआप पडावी, ही व्यवस्था म्हणजे कर्मचाऱ्यांच्या डोक्यावरील ओझे उतरविणारे वरदान होय, असा डांगोरा सॉफ्टवेअर कंपन्या आणि त्यांचे स्तुतिपाठक गेली दहा वर्षे पिटत आहेत. स्लॅक 2014 साली बाजारात आले, मायक्रोसॉफ्टचे टीम्स 2017 साली. स्लॅक विकत घेण्यासाठी सेल्सफोर्स या कंपनीने 2020 साली सुमारे 2,770 कोटी डॉलर मोजण्याचे जाहीर केले. निरोप्याच्या कामाला एवढे मोल भांडवलशाहीने यापूर्वी कधी दिले नव्हते. हे मोल निरोपाचे नव्हे, निरोप ज्याला गाठतो त्याच्या वेळेवरील ताब्याचे आहे, ही गोष्ट मात्र जाहिरातीत आढळत नाही.

या यंत्रणेची रचना मुळात साधी आहे. कर्जाचा अर्ज, खरेदीचे बिल, रजेची मागणी असे कोणतेही प्रकरण एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकले की प्रणाली एक अट तपासते आणि अट पुरी होताच ठरलेल्या ग्रुपमध्ये संदेश टाकते. प्रकरण ठराविक तासांत हलले नाही तर दुसरा संदेश, आणि तरीही न हलल्यास तिसरा थेट वरच्या साहेबाला. ‘अमुक यांच्याकडे प्रलंबित’ हे वाक्य सगळ्या ग्रुपसमोर झळकते. प्रकरण का अडले, कागद अपुरे होते की एका माणसाच्या माथी तिघांचे काम मारले होते, याची नोंद त्या वाक्यात नसते. टीम्समध्ये ‘अर्जंट’ असा शिक्का मारलेला संदेश, तो वाचला जाईपर्यंत, दर 2 मिनिटांनी 20 मिनिटे घंटी वाजवीत राहतो. मुकादमाची शिटीदेखील इतकी चिवट नव्हती. तिला निदान गिरणीच्या फाटकाबाहेर ऐकू येण्याची मर्यादा होती.

अट यंत्र तपासते हे खरे. परंतु अट लिहितो कोण? किती तासांनी तगादा लावायचा, तो कोणाच्या नावाने, किती जणांसमोर, रात्री किती वाजेपर्यंत, हे सारे व्यवस्थापन ठरविते आणि मग हात वर करून सांगते की, संदेश आम्ही पाठविला नाही, प्रणालीने पाठविला. हुकूम तोच, फक्त हुकूम देणारा अदृश्य झाला!

‘माणूस चुकतो, यंत्र चुकत नाही’ हा या मंडळींचा दुसरा मंत्र. त्याची परीक्षा पाहावयाची तर कावेरीच्या खोऱ्यात जावे. कुंभकोणमपासून पाच-सहा किलोमीटरवर तिरुवलंचुळी हे गाव आहे. कावेरी येथे उजवीकडे वळसा घेते, त्यावरून गावाला हे नाव पडले. येथे नदी एका विवरात गडप झाली आणि हेरंड ऋषीने त्या विवरात स्वतःचा देह झोकून दिल्यावर ती पुन्हा वर आली, अशी स्थानिक आख्यायिका आहे. आख्यायिकेचे काय ते असो. शेजारच्या कुंभकोणमात पैसा गडप झाला ही मात्र नोंदलेली घटना आहे.

1904 साली स्थापन झालेल्या सिटी युनियन बँकेचे मुख्य कार्यालय कुंभकोणम येथे आहे. याच बँकेने नोव्हेंबर 2016 मध्ये चेन्नईत ‘लक्ष्मी’ नावाचा यंत्रमानव ग्राहकांच्या सेवेस उभा केला होता. (नोटाबंदीच्या त्या नोव्हेंबरात देशभरच्या बँकांतील रांगा मात्र हाडामांसाच्या कारकुनांनीच उरकल्या.) फेब्रुवारी 2018 मध्ये या बँकेच्या स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय संदेशप्रणालीत चोरटे शिरले. सुमारे 20 लक्ष डॉलरच्या तीन खोट्या आज्ञा त्यांनी परदेशी रवाना केल्या: एक दुबईसाठी, एक तुर्कस्तानसाठी, एक चीनसाठी. पाठविलेल्या प्रत्येक आज्ञेची पोच आपोआप छापणारे यंत्र त्यांनी आधीच निकामी करून ठेवले होते. पोच छापली गेली नाही, म्हणून कोणाला वर्दी मिळाली नाही. चोरी उघडकीस आली ती 7 फेब्रुवारी रोजी, हिशेबांचा ताळमेळ घेताना.

या घटनेचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. स्वयंचलित वर्दीवर विसंबलेली व्यवस्था वर्दी बंद पडताच आंधळी होते, आणि तिचे मौन ‘सर्व ठीक’ असे वाचले जाते. अशा वेळी कामास येते ती दोन बाजूंच्या नोंदी समोरासमोर ठेवून पडताळण्याची जुनी शिस्त. त्या शिस्तीला निवांत वेळ लागतो, पुरेशी माणसे लागतात, आणि दर पाच मिनिटांनी खिशात न थरथरणारे चित्त लागते. स्वयंचलनाच्या नावाखाली नेमक्या याच तीन गोष्टींची काटछाट चालते. रिझर्व्ह बँकेने त्यानंतर स्विफ्ट प्रणाली बँकांच्या मुख्य हिशेबप्रणालीशी जोडण्यास 30 एप्रिल 2018 ही मुदत घालून दिली. ही जोडणी आवश्यकच होती, आणि तिला विरोध करण्याचे कोणत्याही कर्मचारी संघटनेला कारण नाही.

कारण प्रश्न यंत्र हवे की नको हा नाहीच. ‘संगणकाचे वैरी’ ही शिवी बँक व विमा कर्मचाऱ्यांना सहा दशकांपूर्वीपासून परिचयाची आहे. परंतु 1983 साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी इंडियन बँक्स असोसिएशनशी यांत्रिकीकरणाचा करार केला, तेव्हा त्यांनी यंत्रे फोडली नव्हती; यंत्र कोठे येईल, किती येईल आणि त्यापायी कोणाची नोकरी जाणार नाही, हे मालकाकडून लिहून घेतले होते. आज यंत्र टेबलावर नसून कर्मचाऱ्याच्या उशाशी आहे, पुष्कळदा त्याच्याच पैशाने घेतलेले, आणि त्याविषयी एक ओळही कोणी लिहून दिलेली नाही.

दरम्यान मालकवर्गाची भूक लपून राहिलेली नाही. इन्फोसिसचे नारायण मूर्ती यांनी ऑक्टोबर 2023 मध्ये तरुणांना आठवड्यास 70 तासांचा उपदेश केला. जानेवारी 2025 मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष 90 तासांवर गेले आणि कर्मचाऱ्यांना रविवारी राबविता येत नाही याबद्दल त्यांनी खेदही व्यक्त केला! ज्या मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1890 साली गिरणीकामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली, त्याच मुंबईत या कंपनीचे मुख्यालय आहे. सप्टेंबर 2025 मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापनांतील कामाचा दिवस 9 तासांवरून 10 तासांवर नेण्यास मान्यता दिली. तमिळनाडूत एप्रिल 2023 मध्ये 12 तासांचे विधेयक विधानसभेत संमत झाले; कामगार संघटना उभ्या ठाकल्या आणि ते मागे घ्यावे लागले. पण जो तास कायद्याच्या दारातून आत येऊ शकत नाही, तो मोबाईलच्या खिडकीतून शिरतो. रात्री साडेदहाला ‘मंजुरी प्रलंबित’ हा संदेश वाचून एक बटण दाबणे, याला कोणी ओव्हरटाइम म्हणत नाही. ब्रिटिश गिरण्यांतील जेवणाच्या सुट्टीतून चोरलेल्या मिनिटांचा हिशेब मार्क्सने फॅक्टरी निरीक्षकांच्या अहवालांतून मांडला होता. ती मिनिटे मोजायला निदान भिंतीवर घड्याळ होते.

आणि हा केवळ पांढरपेशांचा प्रश्न आहे, असे समजणाऱ्यांनी अंगणवाडी सेविकांकडे पाहावे. ऑगस्ट 2021 मध्ये महाराष्ट्रातील सेविकांनी निकृष्ट सरकारी मोबाईल आणि इंग्रजीतील पोषण ट्रॅकर यांचा जाच असह्य होऊन ते मोबाईल सरकारला परत केले. त्यांना मागास ठरविण्याची हिंमत ज्यांना झाली, त्यांनी एक दिवस तरी ती नोंदणी भरून दाखवावी.

फ्रान्समध्ये कामाच्या वेळेनंतर संपर्क तोडण्याचा हक्क 1 जानेवारी 2017 पासून कायद्यात आहे. ऑस्ट्रेलियात ऑगस्ट 2024 पासून. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी या हक्काचे खासगी विधेयक 2018 च्या अखेरीस आणि पुन्हा डिसेंबर 2025 मध्ये लोकसभेत मांडले. खासगी विधेयकांच्या नशिबी काय येते हे सर्वज्ञात आहे, तेव्हा संघटनांनी त्याची वाट पाहत बसू नये. वर्दीचे नियम संघटनेला दाखविल्यावाचून लागू होऊ नयेत. कामाच्या वेळेबाहेरचे संदेश प्रणालीनेच दुसऱ्या सकाळपर्यंत रोखून धरावेत, कारण जे यंत्र आपोआप पाठवू शकते ते आपोआप थांबवूही शकते. प्रलंबिताची यादी नावानिशी ग्रुपमध्ये टाकणे बंद व्हावे. आणि रात्री वाचून निकाली काढलेला प्रत्येक संदेश ओव्हरटाइमच्या वहीत चढावा. वेळेची नोंद प्रणालीत सेकंदापर्यंत असते, म्हणजे पुराव्याचीही अडचण नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने कामगारांचे पुष्कळ हक्क हिरावले असले, तरी कामाचे तास व विश्रांतीचा काळ बदलावयाचा असल्यास 21 दिवसांची नोटीस देण्याचे बंधन तिच्यातही राहिले आहे. रात्रीच्या वर्दीसाठी अशी नोटीस कधी दिली होती, हे प्रत्येक शाखेने आपापल्या व्यवस्थापनाला लेखी विचारावे आणि उत्तरही लेखीच मागावे.