विश्लेषण : पैसे गेले, तिकीट आले नाही, मध्ये नेमके काय घडते?

बोरिवलीहून घाटकोपरला जायचे तर अंधेरीपर्यंत लोकल आणि तेथून मेट्रो. तिकिटे दोन, रांगाही दोन. लोकल, मेट्रो, बेस्टसह ११ सार्वजनिक वाहतूक सेवांना एका अ‍ॅपमध्ये आणण्यासाठी ८ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘मुंबई वन’चे उद्घाटन झाले. अशी अ‍ॅप चालतात ती एपीआयच्या जोरावर.

एपीआय म्हणजे काय?

एका संगणक यंत्रणेने दुसरीकडे काय आणि कसे मागायचे, उत्तर कोणत्या स्वरूपात मिळेल, याचे ठरलेले नियम म्हणजे एपीआय. मागणी म्हणजे ‘रिक्वेस्ट’, उत्तर म्हणजे ‘रिस्पॉन्स’ आणि मागणी पाठवण्याचा पत्ता म्हणजे ‘एंडपॉइंट’. मागणारे अ‍ॅप कोणते, हे बहुधा ‘एपीआय की’वरून ओळखले जाते.

‘गेट’ आणि ‘पोस्ट’ यांत फरक काय?

भाडे विचारणे ही ‘गेट’ मागणी. दहा वेळा विचारले तरी बिघडत नाही. तिकीट काढणे ही ‘पोस्ट’ मागणी. ती दुसऱ्यांदा गेली तर दुसरे तिकीट निघू शकते.

उत्तरातील आकडे काय सांगतात?

२०० म्हणजे काम झाले. ४०४ म्हणजे मागितलेले सापडले नाही. ४२९ म्हणजे ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त मागण्या आल्या. ५०० म्हणजे सर्व्हरमध्येच बिघाड.

मग तिकीट अडकते कुठे?

खरी अडचण उत्तरच न येण्याची, म्हणजे ‘टाइमआउट’ची. मागणी पोहोचली, तिकीट निघाले, पण उत्तर परत येताना नेटवर्क गेले. प्रवाशाला वाटते, काम झालेच नाही. तो पुन्हा बटण दाबतो. त्यावर उपाय आहे. प्रत्येक मागणीला स्वतंत्र क्रमांक द्यायचा. तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हर नवे तिकीट न काढता आधीचेच उत्तर देतो. या गुणाला ‘आयडेम्पोटन्सी’ म्हणतात.

जबाबदारी कोणाची?

सार्वजनिक सेवेच्या एपीआयमध्ये ही तरतूद सक्तीची हवी. अ‍ॅप, बँक आणि वाहतूक सेवा यांनी एकमेकांकडे बोट दाखवायचे आणि प्रवाशाने ‘काहीतरी चुकले’ एवढाच संदेश वाचायचा, हे चालणार नाही. पैसे कोठे अडकले आणि कधी परत मिळतील, हे पडद्यावर मराठीत दिसले पाहिजे.

तोवर प्रवाशांनी एक पथ्य पाळावे. पैसे गेले आणि तिकीट दिसले नाही, तर लगेच पुन्हा पैसे भरू नयेत. आधी अ‍ॅपमधील तिकिटांची यादी पाहावी आणि व्यवहार क्रमांक जपून ठेवावा.