वार्डीची गोष्ट अर्धीच सांगू नका

बऱ्याच दिवसांत इकडे फिरकले नाही. गुडघे, पाहुणे, आणि मध्ये आठ दिवस बंद पडलेलं इंटरनेट... असो. आज जरा रागातच लिहायला बसले आहे, तेव्हा नातेवाईक मंडळींनी सावरून बसावं.

गेल्या पंधरवड्यात एकच मजकूर मला चौघांनी पाठवला. जेमी वार्डी नावाच्या इंग्रज मुलाला सोळाव्या वर्षी क्लबने 'बुटका आहेस' म्हणून काढून टाकलं, तो कारखान्यात कामाला लागला, पण त्याने जिद्द सोडली नाही आणि शेवटी इंग्लंडचा विजेता झाला. खाली उगवता सूर्य, जोडलेले हात, आणि जिद्द असेल तर अशक्य काही नाही, असं वाक्य.

माहिती चुकीची नाही. पण गोष्ट अर्धी आहे, आणि ती ज्या कामासाठी वापरली जाते आहे ते काम मला मुळीच पसंत नाही.

काम कोणतं ते सांगते. आमच्याच गोतावळ्यातला एक पंधरा वर्षांचा मुलगा. दोन वर्षं घरापासून लांब एका फुटबॉल अकादमीत होता. यंदा त्यांनी 'पुढच्या वर्षी नको' असं सांगून परत पाठवला. कारण म्हणे अंगाने भरला नाही. पोरगं घरी आलं आणि आठवडाभर नीट जेवलं नाही. मग आत्या, मामा, काका सगळ्यांनी मिळून त्याला तो मजकूर पाठवला. मायेनेच पाठवला, मला ठाऊक आहे. पण त्याने त्याचा अर्थ काय घ्यायचा? वार्डीला जमलं, तुला जमलं नाही तर तुझी जिद्द कमी! एवढाच अर्थ उरतो की नाही, सांगा बघू.

आता उरलेली अर्धी गोष्ट ऐका. (आमच्या घरात शनिवार-रविवारी रात्री इंग्लंडचं फुटबॉल लागतं आणि ते मीच लावते. कोल्हापूरच्या पेठेत जन्म गेला, भाऊ तालमीच्या संघातून खेळायचे, तेव्हा म्हातारीला यातलं काय कळतं असं म्हणण्याआधी विचार करा!)

वार्डीचा जन्म १९८७ सालचा, गाव शेफील्ड. ज्या शेफील्ड वेन्सडे क्लबवर लहानपणापासून जीव, त्यांनीच त्याला काढलं. काही महिने त्याने खेळणंच सोडलं. मग गेला कुठे? जवळच्याच स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्स या क्लबात. पोलादाच्या कारखान्याचं गाव, छोटंसं मैदान. २००७ च्या सुमारास तो त्यांच्या मुख्य संघात आला तेव्हा आठवड्याला ३० पौंड मिळायचे. दिवसा कारखान्यात पायाला आधार देणाऱ्या वैद्यकीय पट्ट्या बनवायचा, संध्याकाळी सराव.

त्याच वर्षी त्याला मारामारीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली. सहा महिने घोट्याला इलेक्ट्रॉनिक पट्टा आणि संध्याकाळनंतर घराबाहेर पडायला बंदी. त्याचं म्हणणं असं की श्रवणयंत्र लावणाऱ्या मित्राची कुणीतरी टिंगल केली म्हणून तो भिडला. ते खरं असो-नसो, पण लांबच्या सामन्यात तासाभरात त्याला मैदान सोडावं लागे आणि आईवडील गाडी घेऊन उभे असत. क्लबने काय केलं? काढून टाकलं नाही. जेवढा वेळ मिळेल तेवढा खेळवला. आमच्याकडे एका कागदावर लाल शेरा पडला की मुलगा दाखल्यासकट बाहेर. चौतीस वर्षं शिक्षक खोलीत बसून पाहिलं आहे मी, किती सहज होतं ते.

२०१० मध्ये त्याला हॅलिफॅक्सने घेतला. या क्लबची कथा तर त्याच्याहून सुरस. जुना हॅलिफॅक्स टाउन क्लब कर्जापायी २००८ मध्ये बुडाला. गावाने नव्या नावाने तो परत उभा केला, तीन श्रेणी खाली जाऊन. तिथे वार्डीने पहिल्याच हंगामात २५ गोल केले आणि संघ लीग जिंकून वरच्या श्रेणीत गेला. पुढच्या वर्षी, ऑगस्ट २०११ मध्ये, फ्लीटवुड टाउन. ३६ लीग सामन्यांत ३१ गोल! फ्लीटवुड पाचव्या श्रेणीत पहिला आला आणि इतिहासात पहिल्यांदा व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये पोचला. त्याच हंगामात एफए कपमध्ये गाठ पडली दुसऱ्या श्रेणीतल्या ब्लॅकपूलशी. फ्लीटवुड ५-१ ने हरला, पण तो एक गोल वार्डीचा होता. म्हणजे बघा, खालच्या क्लबातला पोरगा वरच्यांच्या डोळ्यांसमोर येण्याची सोय स्पर्धेतच आहे. त्यासाठी कुणाचं शिफारसपत्र लागत नाही.

मे २०१२ मध्ये लेस्टर सिटीने त्याला १० लाख पौंड देऊन नेला. तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता आणि इंग्लंडच्या पहिल्या चार श्रेणींत एकही लीग सामना खेळलेला नव्हता. पंचवीस! आपल्याकडे त्या वयात मुलाला विचारतात, खेळ पुरे, नोकरीचं काय?

आणि लेस्टरमध्ये पहिलं वर्ष वाईट गेलं. लीगमध्ये चार गोल. फुटबॉल सोडून द्यावं असं त्याच्या मनात आलं होतं, ते त्याने स्वतःच सांगितलं आहे. प्रशिक्षकांनी समजावलं, थांबवलं. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. २०१४ मध्ये संघ प्रीमियर लीगमध्ये, २०१५ मध्ये सलग अकरा सामन्यांत गोल करण्याचा विक्रम, आणि २०१६ मध्ये विजेतेपद. सट्टेवाले हंगामाच्या सुरुवातीला त्या विजेतेपदाला पाच हजारास एक असा भाव देत होते.

आता मला सांगा, या गोष्टीत जिद्द किती आणि जिना किती?

जिद्द आहेच. पण स्टॉक्सब्रिज आठव्या श्रेणीतला क्लब. आठव्या! म्हणजे आठव्या मजल्यापासून पहिल्यापर्यंत प्रत्येक मजल्यावर क्लब आहे, मैदान आहे, तिकीट काढून येणारे दोन-चारशे गावकरी आहेत, आणि वरच्या मजल्यावरून खाली बघणारा कुणीतरी पगारी माणूस आहे. हे नसतं तर शेफील्डमध्ये एक चांगला पट्टे बनवणारा कामगार वाढला असता, दुसरं काही नाही.

लेस्टरचा तोच संघ बघा ना. रियाद महरेझ फ्रान्सच्या चौथ्या श्रेणीत कॅम्पेरकडून खेळून वर आलेला. एन्गोलो कांते पॅरिसजवळच्या सुरेनच्या हौशी क्लबातून बुलोनला, तिथून कॅनला, मग लेस्टरला. एकाच संघात तिघे, तिघेही खालून आलेले. एक असता तर मी चमत्कार म्हटलं असतं. तिघे असले की त्याला व्यवस्था म्हणतात.

जिना अगदी धुतल्या तांदळासारखा आहे असं माझं म्हणणं नाही. फ्लीटवुडला पैसा पुरवणाऱ्या तेव्हाच्या मालकाला पुढे २०२३ मध्ये व्यवसायातल्या फसवणुकीबद्दल तेरा वर्षांची शिक्षा झाली. काढून टाकलेली बहुतेक मुलं परत वर येत नाहीत, हेही खरं. पण खेळत तरी राहतात! शनिवारी दुपारी, आपल्या गावात, थोडेफार पैसे घेऊन. सोळाव्या वर्षी मिळालेला नकार हा तिथे शेवटचा निकाल नसतो.

वार्डीला स्वतःला हे आपल्या सूर्योदयवाल्यांपेक्षा चांगलं समजलं होतं. विजेतेपदाच्या वर्षीच त्याने खालच्या क्लबांतल्या दुर्लक्षित खेळाडूंसाठी 'व्ही नाइन' नावाची अकादमी जाहीर केली. २०१७ मध्ये पहिली तुकडी आली आणि तिच्यातल्या काहींना व्यावसायिक क्लबांनी घेतलंही. मी जिद्दीने आलो, तुम्हीही या, असं सांगून तो मोकळा झाला नाही. आपल्यासारखे आणखी आहेत, त्यांच्याकडे बघायला कुणी नाही, हे त्याने ओळखलं.

आता आपल्याकडे या. आमच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब यांचे सामने असले की हजारो माणसं लोटतात. पेठापेठांत भांडणं होतात (तो वेगळा विषय, त्यावर एकदा लिहायचं आहे). प्रेमाची ददात नाही. पण कोल्हापूरची लीग जिंकणारा संघ त्या विजयाच्या जोरावर आय-लीगमध्ये जात नाही. पुढच्या वर्षी परत तीच लीग, तेच संघ. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव आमच्या कोल्हापूरचा. केवढा आनंद झाला होता! पण त्याला घडायला कोल्हापूर सोडून पुण्याला जावं लागलं.

आणि पुण्या-मुंबईच्या पायऱ्या तरी कुठे टिकल्या? महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद केला. पुण्यातला भारत एफसी एका हंगामात संपला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गुंडाळला. हॅलिफॅक्स बुडाला तेव्हा गावाने खालून सुरुवात केली, कारण खाली जागा होती. आपल्याकडे मालकाचा मूड गेला की पायरीच काढून नेतात.

आयएसएल २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा कुणी वर येणार नाही आणि कुणी खाली जाणार नाही अशीच रचना होती. खेळाच्या जोरावर वर येणारा पहिला क्लब पंजाब एफसी, तोही २०२३ मध्ये. खाली तर २०२४-२५ च्या हंगामापर्यंत कुणीच गेलं नाही. आणि विजेता लेस्टर? २०२३ मध्ये दुसऱ्या श्रेणीत घसरला, परत आला, २०२५ मध्ये परत घसरला. जिन्यावरून उतरायचीही तयारी लागते हो. आमच्या पैसेवाल्यांना ती नको आहे, आणि त्याची किंमत पंधरा वर्षांची पोरं देत आहेत.

आता तुम्ही म्हणाल, मग काय मेहनत करायचीच नाही? असं कुठे म्हटलं मी? मेहनत तर तो पोरगा करतोच आहे. सकाळी साडेपाचला उठून रंकाळ्याभोवती धावतो. त्याला मेहनतीचा धडा शिकवणारे आपण कोण? आपल्यापैकी किती जण साडेपाचला उठतात? (वयस्कर मंडळी वगळून. आपल्याला झोपच येत नाही.)

त्याच्या बाबांना मी फोनवर बोलले ते इथेही लिहिते. दुसऱ्या महागड्या अकादमीच्या मागे लगेच धावू नका. यंदा त्याला पेठेतल्या संघात खेळू दे, मोठ्यांच्यात धक्के खाऊ दे. वार्डीसुद्धा लहान पोरांत नाही, पोलादी गावातल्या दणकट बाप्यांत खेळून तयार झाला. दहावीची परीक्षा आहे, ती द्यायचीच. आणि त्याच्यासमोर 'काढून टाकलं' हा शब्द वापरू नका. एका क्लबाने एका वर्षी नको म्हटलं, एवढंच झालं आहे.

ब्लॉगवाल्या मंडळींना एक विनंती. तुमच्या गावात पंधरा-सोळाच्या मुलांना फी न घेता मोठ्यांच्या संघात खेळवणारे क्लब असतील तर त्यांची नावं खाली लिहा. नागपूर, मुंबई, गोवा, कुठलंही चालेल. मी वहीत उतरवून घेईन.