आधी तालुक्याचे इस्पितळ, मग कोल्हापूर

सीमाभागातील मराठी घरात कुणाच्या छातीत कळ आली की गाडीचे तोंड वळते ते कोल्हापूरकडे. निपाणीहून कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट. शिवाय तिथे भाषा आपली, पाहुणेरावळे जवळ. यात गैर काहीच नाही. गैर आहे ते त्याआधीचे. ‘पित्त उसळले असेल’ म्हणत सोडा पाजण्यात दोन-तीन तास जातात, मग गाडीची शोधाशोध. हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की पुढचा स्नायू मरू लागतो, आणि मेलेला स्नायू पुन्हा जिवंत होत नाही. बायकांच्या बाबतीत तर कधीकधी कळ न येता नुसता दम लागणे, घाम, मळमळ एवढेच दिसते, म्हणून त्यांच्याकडे आणखी उशिरा पाहिले जाते.

हा आजार आपल्याकडे लवकर येतो, हेही आता सिद्ध झाले आहे. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ या अभ्यासाचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. त्यात दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका साधारण त्रेपन्नाव्या वर्षी, म्हणजे इतरांपेक्षा पाच-सहा वर्षे आधी आल्याचे आढळले. तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, रक्तातील चरबी ही कारणे नवी नाहीत.

तंबाखूचे नाव काढले की निपाणीकरांच्या कपाळावर आठी पडते, हे आम्ही जाणतो. १९८१ साली भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी महामार्गावर ठाण मांडून बसले, गोळीबारात माणसे गेली. पुढच्याच वर्षी ‘युगांतर’ या स्त्रियांच्या गटाने येथील तंबाखू कामगार भगिनींच्या लढ्यावर माहितीपट काढला. या पिकावर अनेक घरांच्या चुली पेटल्या, मुले शिकली. तरीही १९९६ साली बेंगळूरच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दिवसाला दहा किंवा अधिक सिगारेटी वा विड्या ओढणाऱ्यांना झटक्याचा धोका न ओढणाऱ्यांच्या सहापटींहून अधिक दिसला. विडी देशी म्हणून सौम्य, हा समज तिथेच निकालात निघाला. इंटरहार्टमध्ये चघळण्याच्या तंबाखूनेही धोका दुपटीहून अधिक दिसला. भाव मागावा, तो आपला हक्कच; पण पोराच्या हाती चंची देण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. सोडल्यावर वर्षभरात वाढीव धोका निम्म्यावर येतो, हे साठीच्या मंडळींनीही ऐकावे. (कुंद्याबद्दल आम्ही आज काही बोलत नाही. तो सणावारी चालेल. रोजचे लोणचे-पापड मात्र रक्तदाबवाल्यांनी आवरावे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ सांगते.)

आता मुद्द्याचे. अभिनेते पुनीत राजकुमार २०२१ साली अवघ्या ४६व्या वर्षी गेले. त्यांच्या नावाने कर्नाटक सरकारने ‘हृदय ज्योती’ योजना आणली. तालुका इस्पितळात ईसीजी काढायचा, जयदेव संस्थेसारख्या मोठ्या केंद्रातील तज्ज्ञांनी तो पाहायचा आणि गरज असल्यास गुठळी विरघळवणारे महागडे इंजेक्शन तिथेच मोफत द्यायचे. ते कुणाला चालते, कुणाला नाही, हे डॉक्टर ठरवतात. पुढची अँजिओग्राफी त्यानंतर कोल्हापुरात करा, बेळगावात करा.

आमचे या सरकारशी जे भांडण आहे ते आहेच. २००४ पासून ते सर्वोच्च न्यायालयात आहे. परंतु ही योजना आपल्याही कराच्या पैशांतून चालते. कानडी पाटीकडे पाहून मराठी रुग्णाने ती टाळावी, हा हट्ट आम्हास मान्य नाही. महाराष्ट्रानेही २०२३ साली महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना ८६५ सीमागावांना देण्याचे ठरवले, कर्नाटकाने त्यावर आक्षेप घेतला. दोन्ही सरकारांचा वाद चालू राहील.

गावोगावच्या कार्यकर्त्यांनी या महिन्यात आपल्या तालुका इस्पितळात जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात : ईसीजी रात्री निघतो का, इंजेक्शन शिल्लक आहे का, रुग्णवाहिका कुठून येते. मिळालेली उत्तरे आम्हास कळवावीत. जिथे ‘नाही’ असे उत्तर येईल, तिथले निवेदन आम्ही तयार करू.