दुबार पेरणी

गेल्या वर्षी आपल्या महाविद्यालयातील वक्तृत्व स्पर्धेचा एक विषय होता, 'निसर्ग हाच खरा गुरू'. बक्षीस मिळालेल्या तिन्ही भाषणांत नदी होती, झाड होते, मुंगीही होती. एका वक्त्याने तर ठासून सांगितले की, माणूस व्यसनाकडे आणि नैराश्याकडे वळतो तो निसर्गापासून तुटल्यामुळे. त्याला रानात नेऊन सोडा, तो आपोआप बरा होईल. टाळ्यांचा कडकडाट झाला. मी शेवटच्या बाकावर बसले होते. मला टाळ्या वाजवता आल्या नाहीत.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, जन्मभर रानातच आहेत. चार एकर कोरडवाहू जमीन, बांधावर एक कडुलिंब. पहाटेचा वारा, पाखरे, सूर्योदय, ही वक्त्याने सांगितलेली सगळी औषधे त्यांना रोज फुकट मिळत होती. आणि त्याच लिंबाखाली बसून ते दारू पीत होते. निसर्गाने त्यांना कधी अडवले नाही.

२०२२ च्या दिवाळीनंतर आजीने स्वतःच्या अकलेने उपाय केला. अण्णांना गोठ्यात कोंडले. दुसऱ्या दिवशी त्यांचे हात कापू लागले, घामाने सदरा भिजला. तिसऱ्या रात्री ते भिंतीवर नसलेल्या मुंग्या झटकू लागले. आम्हांला वाटले, बाहेरची बाधा. तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितले, वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली की असे होते, फिट येते, प्रसंगी जीवही जातो. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधे देऊनच सोडवावी लागते. एवढी एक गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवली तरी माझे लिहिणे वाया गेले नाही असे मी समजेन.

पुढे अण्णा एका केंद्रात राहून आले. व्यसन हा आजार आहे, हे तिथे त्यांना प्रथम कोणी सांगितले. पुण्याला डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली 'मुक्तांगण' सुरू केले, तेव्हापासून महाराष्ट्रात हे सांगितले जात आहे. आमच्या गावापर्यंत पोहोचायला फार वर्षे लागली. दहा महिने अण्णांनी थेंब घेतला नाही. २०२३ च्या पोळ्याला बैल मिरवून आले ते पिऊनच.

गाव म्हणाले, कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडेच. माय दोन दिवस कोणाशी बोलली नाही. मी बारावीला तालुक्याला होते. फोनवर मी त्यांना म्हणाले, "आता मला लेक म्हणू नका." ते काही बोलले नाहीत. फोन मीच ठेवला.

आता गंमत पाहा. ज्या शिवारात हे बोलले गेले, त्याच शिवारात मृगाच्या एखाद्या सरीवर पेरणी होते, मग पाऊस दडी मारतो, उगवलेले कोंब करपतात, आणि जुलैत पुन्हा तिफण धरावी लागते. दुबार पेरणी आमच्याकडे नवी नाही. त्या वेळी जमिनीला बेशरम कोणी म्हणत नाही. शेजारी बियाणे उसने देतो. मग माणूस पुन्हा घसरला की आपली ही शेतकऱ्याची अक्कल कुठे जाते?

जमिनीला इच्छा नसते, माणसाला असते, हा आक्षेप मला ठाऊक आहे. दुबार पेरणी फुकट होत नाही हेही ठाऊक आहे. आमच्या घरी तिची किंमत मायने आपल्या डोरल्याने मोजली. पण शहाणा शेतकरी दुसऱ्यांदा पेरताना पहिल्यासारखा पेरीत नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होईपर्यंत थांबा, असे कृषी विभाग दरवर्षी सांगतो, ते तो तेव्हा ऐकतो. मुगा-उडदाची वेळ गेली असेल तर तुरीकडे वळतो. अण्णांनीही तेच केले. आठवडी बाजाराला ते आता एकटे जात नाहीत. सोयाबीनचे पैसे मायच्या हाती येतात. दर रविवारी तालुक्याला, दारू सोडलेल्यांच्या बैठकीला जातात. लिंब तिथेच आहे. त्याखाली आता ते मायबरोबर भाकरी खातात.

मनाच्या इतर आजारांचेही असेच आहे. आमच्या वसतिगृहातील एक मुलगी महिनाभर तासांना आली नाही. "टेकडीवर फिरून ये, बरे वाटेल," असे आम्ही सगळ्यांनी सांगितले. ती फिरून आली, आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून झोपली. सरकारची १४४१६ ही टेलिमानस सेवा २०२२ पासून सुरू आहे, तिथे मराठीतही बोलता येते, हे आमच्यापैकी एकीलाही माहीत नव्हते. टेकडी वाईट नाही. पण करपलेल्या पिकाला नुसता वारा घालून काय होणार?

घरची गोष्ट छापावी की नाही, या विचारात मी होते. म्हणून संक्रांतीला घरी गेले तेव्हा हा लेख अण्णांना वाचून दाखवला. ते तुरीच्या शेंगा सोलत होते. पोळ्याचे वाचताना माझा आवाज अडला, तेव्हा "वाच, वाच" म्हणाले. सगळे ऐकून झाल्यावर म्हणाले, "दुबार नको, तिबार लिव्ह. एक बारी तुला ठाव न्हाई, तुझ्या मायला ठाव हाय."