वहीच्या समासातला स्वयंपाक

१९७० साली कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ आलं आणि वाटी-चमच्याच्या मापानं शिकवणारं पुस्तक मराठी घराघरांत पोचलं. त्याआधीही पाककृतींची पुस्तकं होतीच. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ १८७५ सालचं, म्हणजे जवळपास शंभर वर्षं आधीचं. पण आई आणि सासू दोघींपासून लांब, नव्या शहरात संसार मांडणाऱ्या मुलीच्या हाताशी राहिलं ते ‘रुचिरा’. ज्या घरात त्याची जुनी, वापरलेली प्रत असेल तिथे ती उघडून पाहावी. पानांना हळदीचे नि तेलाचे डाग लागलेले असतात आणि छापील मजकुराच्या कडेला पेन्सिलीनं काहीतरी खरडलेलं असतं. गूळ पाऊण वाटी पुरे. तिखट निम्मं. आपल्या तांदळाला पाणी जास्त.

छापील कृती लाखो घरांत सारखीच असते, पण समासातल्या या नोंदी त्या एकाच घराच्या असतात. कुणीतरी कृती करून पाहिली, घरच्यांच्या ताटात वाढली, त्यांचं ऐकलं, पुढच्या वेळी बदल केला आणि तो टिपून ठेवला. ही सवय मोडत चालली आहे आणि तिची हळहळ वाटायला हवी. आज कृतींचा तुटवडा नाही. मोबाइलवर एका भाजीच्या पन्नास तऱ्हा मिळतात. एक पाहून केली जाते, जमली तर वाहवा होते, बिघडली तर दुसरी शोधली जाते. बिघडली का आणि जमली तर कशामुळे, हे कुठेच उतरत नाही. परक्याची कृती आपली होण्याचा टप्पाच गळून पडतो.

कृती जशीच्या तशी उचलून जमणं मुळातच अवघड असतं. साधी वाटीच घ्या. एका घरातली आमटीची वाटी शंभर मिलिलिटरची असते, दुसऱ्या घरातली दीडशेची. सगळे जिन्नस त्याच वाटीनं मोजले तर प्रमाण टिकतं हे खरं, पण मीठ, हळद, हिंग, सोडा हे चमच्यानं पडतात आणि चमचा काही वाटीबरोबर मोठा होत नाही. मोठ्या वाटीच्या घरात तीच उसळ अळणी लागते, लहान वाटीच्या घरात खारट. परदेशी कृतीत गोंधळ आणखी वाढतो. अमेरिकेतला कप साधारण २४० मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियातला २५०चा. मोठा चमचा बहुतेक देशांत १५ मिलिलिटरचा असतो, ऑस्ट्रेलियात मात्र २०चा. कढीत एवढ्यानं बिघडत नाही, केकमध्ये बिघडतं.

मग तांदूळ. ‘एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी’ असं लिहिणारीच्या डब्यात जुना कोलम असू शकतो आणि वाचणारीच्या डब्यात नवा इंद्रायणी. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहोर आणि आयआर ८ यांच्या संकरातून निघालेला हा इंद्रायणी वासाला छान, पण शिजला की चिकट होतो. त्यातून तांदूळ नवा असेल तर तेवढंच पाणी घालून भाताचा गोळा होतो. मसालेभाताला तो तांदूळ घ्यायचा की नाही आणि घेतला तर पाणी किती कमी करायचं, हे छापील कृती सांगू शकत नाही. ते त्या घरालाच ठरवावं लागतं. ज्वारीचंही तसंच. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिवट ताण नसतो, म्हणून भाकरीचं पीठ गरम पाण्यात भिजवून तळहाताच्या बुडानं चांगलं मळायचं. दळून बरेच दिवस झाले की पिठाची विरी जाते, भाकरी थापताना कडा फाटतात. मग आधणात पीठ घालून उकड काढायची. ताज्या पिठाला याची गरज नसते. ‘पाणी अंदाजानं’ या दोन शब्दांमागे एवढं सगळं असतं.

काही बदलांमागचं कारण कळलं की हात मोकळा होतो. तूरडाळ शिजत नाही म्हणून डाळीला दोष दिला जातो, पण पुष्कळदा दोष आंबटाचा असतो. चिंच, आमसूल किंवा टोमॅटो डाळीबरोबरच कुकरला लावला तर आंबटपणामुळे दाण्यातला पेक्टिन लवकर विरघळत नाही आणि डाळ अख्खी राहते. आपल्याकडे आधी वरण शिजवून घोटायचं आणि मग चिंच-गूळ घालून आमटीला उकळी आणायची, हा क्रम आहे तो उगाच नाही. बोअरचं जड पाणी असलेल्या वस्तीतही डाळ दमवते, कारण त्या पाण्यातलं कॅल्शियम तेच करतं. उंचीचाही हिशेब आहे. साधारण दर तीनशे मीटर चढलं की पाणी एक अंश कमी तापमानाला उकळतं. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे. तिथे उघड्या पातेल्यातलं पाणी ९५-९६ अंशांवरच उकळू लागतं, आणि मुंबईच्या अंदाजानं शिजवलेलं वरण कच्चं राहतं. अशी दोन-चार कारणं ठाऊक असली की कृती बदलायला भीती वाटत नाही. काय हलवलं तर चालेल आणि कशाला हात लावायचा नाही, हे कळतं.

‘असं नसतं करायचं, खरं ते तसं’ हा वाद मराठी घरांत सणासुदीला हमखास निघतो. पुरणाला गूळ की साखर, पोळी तेलावर की पिठावर, आमटीत आमसूल की चिंच. या वादातला अभिमान समजण्यासारखा आहे, पण ज्याला आपण मूळ म्हणतो त्याचा इतिहास पाहिला तर तोही बदलाचाच निघतो. उपवासाची साबुदाण्याची खिचडी पाहा. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा दक्षिण अमेरिकेतला. आज आपल्याकडे येणारा साबुदाणा बराचसा तमिळनाडूत सेलमच्या परिसरात तयार होतो. शेंगदाणा, बटाटा, मिरची ही मंडळीही अमेरिका खंडातूनच आली. पोर्तुगीजांची जहाजं या किनाऱ्याला लागण्याआधी यांतलं काहीच इथे नव्हतं. आज तीच खिचडी एकादशीच्या ताटात सोवळ्यानं वाढली जाते. कुणीतरी, कधीतरी, उपवासाला हे चालेल असं ठरवून पहिल्यांदा करून पाहिलं असणारच.

पुरणपोळी तर एकाच पदार्थाची अनेक घरं दाखवते. खानदेशात पालथ्या मातीच्या खापरावर हातानं वाढवलेले मांडे भाजतात. गुजरातेत तुरीच्या डाळीची वेडमी होते, कर्नाटकात होळिगे. यांतली खरी कुठली असं विचारणं व्यर्थ आहे. ज्या मुलखात जी डाळ, जी चूल आणि जे भांडं होतं त्यानं पोळी घडवली.

बदल श्रद्धेनंही होतो. कोकणात, विशेषतः आजच्या रायगड जिल्ह्यात, पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या, मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल समाजाचं जेवण याचं उत्तम उदाहरण आहे. ज्यू धर्मनियमानुसार मांस आणि दूध एकत्र चालत नाही. शेजारपाजारच्या मटणात दही पडत असेल तर यांना ते वर्ज्य. किनाऱ्यावर नारळ मुबलक, तेव्हा रश्श्याला दाटपणा आला तो नारळाच्या दुधानं. नववर्षाला, म्हणजे रोश हशानाला, केला जाणारा चिकाचा हलवाही गव्हाच्या चिकात नारळाचं दूध आटवून होतो. गव्हाचा चीक महाराष्ट्रातल्या किती घरांत होतो हे सांगायला नको. एका धर्मनियमाचं भान ठेवून, शेजारचाच जिन्नस घेऊन त्यांनी स्वतःचा पदार्थ उभा केला. परदेशातली मराठी घरं आज याच वाटेनं जात आहेत. ग्रीक योगर्ट आधीच बरंचसं निथळलेलं असतं, म्हणून चक्का बांधायचे तास वाचतात, पण आपल्या चक्क्याइतकं ते घट्ट नसतं. ज्यांनी ते आणखी थोडा वेळ फडक्यात टांगून पाहिलं त्यांचं श्रीखंड जमलं.

बदलाची बाजू घेताना एक गोष्ट मात्र ठासून सांगायला हवी. मन मानेल तसं बदलणं आणि पारखून बदलणं यात मोठं अंतर आहे आणि ते सगळ्यांत स्पष्ट दिसतं दिवाळीच्या चकलीत. चकली मऊ पडली की घरात सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. कुणी मोहन वाढवायला सांगतं, कुणी भाजणी बदलायला, कुणी पीठ सैल करायला. घाबरलेला हात तिन्ही एकदम करतो आणि पुढचा घाणा तेलात विरघळतो. खरं तर चकली बोलकी असते. मोहन कमी पडलं तर ती कडक होते, जास्त झालं तर तेलात सुटते. पीठ घट्ट असेल तर सोऱ्यातून पडतानाच तुकडे होतात, सैल असेल तर काटा उठत नाही. आंच मंद असेल तर तेल पिते. आंच मोठी असेल तर वरून लाल होते आणि आत कच्ची राहून संध्याकाळपर्यंत मऊ पडते. म्हणजे मऊ चकलीचं कारण बहुतेकदा पिठात नसून आंचेत असतं. म्हणून आधी चारच चकल्या सोडाव्यात, एकच गोष्ट बदलावी, पुन्हा चार सोडाव्यात. अनुभवी बायका हे नेहमीच करत आल्या आहेत. पहिला घाणा देवापुढे ठेवायचा आणि दुसऱ्यापासून आंच ठरवायची. प्रयोगशाळेत याला शिस्त म्हणतात. स्वयंपाकघरात मात्र त्याला ‘हाताला चव आहे’ म्हणून सोडून देतात. त्यामुळे ती शिस्त दुसऱ्याला शिकवता येते हेच लक्षात येत नाही.

माणसं वाढली की सगळंच दुप्पट करायचं, हाही असाच घाईचा निर्णय. दुप्पट भाताला दुप्पट पाणी लागत नाही, कारण वाफेनं उडून जाणारं पाणी भांड्याच्या तोंडावर ठरतं, तांदळावर नाही. फोडणीचं तेल दुप्पट लागत नाही. मीठ आणि तिखट थोडं हात राखून घालावं आणि चाखून वाढवावं. शिट्ट्याही दुप्पट नसतात. मुळात शिट्टी हे वेळेचं खात्रीचं माप नाही, कारण मोठ्या आंचेवर ती भराभर होते. पहिल्या शिट्टीनंतर आंच बारीक करून मिनिटं मोजणं जास्त भरवशाचं.

घरात रक्तदाबाचा किंवा मधुमेहाचा माणूस असेल तर बदल आवडीवर उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं प्रौढ माणसासाठी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवलं आहे, म्हणजे सपाट चहाच्या चमच्याहूनही कमी. त्यात लोणचं, पापड, शेव, भातातलं मीठ सगळं आलं. अशा वेळी एका माणसासाठी वेगळी अळणी भाजी करणं हा सगळ्यांत वाईट तोडगा. वेगळ्या वाटीनं माणूस ताटावर एकटा पडतो. भाताला, भाकरीला मीठ घालणं सगळ्यांसाठीच बंद करावं, भाजीत लिंबू, आमसूल, भाजलेलं जिरं, लसूण यांच्या जोरावर मीठ थोडं थोडं कमी करत न्यावं. हळूहळू केलं तर जीभ वळण घेते. काही काळानं पाहुण्यांकडचं जेवण घरच्यांनाच खारट वाटू लागतं.

आणि इथेच या सगळ्या करून पाहण्याचा भार कुणावर, हा प्रश्न येतो. बहुतेक मराठी घरांत तो अजूनही एकाच बाईवर आहे. नवं काही केलं की ती दारात उभी राहून विचारते, ‘कसं झालंय?’ आणि ताटावरून उत्तर येतं, ‘छान’. नाहीतर, ‘आईच्या हातचं असं नव्हतं’. दोन्ही उत्तरं तिच्या काही कामाची नाहीत. ‘मीठ बरोबर आहे, पण दाण्याचं कूट जरा कमी हवं होतं,’ असं बोलणारा नवरा, ‘मला गाजर चालतं, पण मोठे तुकडे नकोत,’ असं सांगणारी मुलगी, ही माणसं स्वयंपाकात खरा हात लावतात. खाणाऱ्यानं लक्ष देऊन खाणं आणि नेमकं बोलणं, एवढी तरी वाटणी घरात व्हायला हवी. त्यापुढची पायरी म्हणजे ज्यानं सुचवलं त्यानंच पुढच्या रविवारी ती भाजी करून पाहावी. हायस्कूलमधल्या मुलालाही कांदा किती वेळ परतला आणि पाणी किती घातलं हे वहीत लिहिता येतं. तारीख, तांदळाची किंवा डाळीची जात, वाटी कुठली, काय बदललं आणि घरचे काय म्हणाले, एवढ्या चार ओळी पुरतात.

वर्तमानपत्रांच्या पुरवण्या आणि कृती दाखवणाऱ्या वाहिन्यांनीही आपला वाटा उचलावा. कृतीखाली वाटी किती मिलिलिटरची, किती माणसांसाठी, तांदूळ कोणता, कुकर किती लिटरचा हे छापायला फार जागा लागत नाही. त्याबरोबर आणखी एक ओळ छापावी, या कृतीत कोणता जिन्नस बदलला तरी चालेल आणि कोणता नाही. खोबरं नसेल तर तीळ चालतील का, गुळाऐवजी साखर घेतली तर पाक बदलतो का, टोमॅटो आधी घातला तर काय होईल. कृती देणाऱ्यानं ती खरोखर करून पाहिली असेल तर ही उत्तरं त्याच्याकडे असतातच. नसतील तर ती कृती छापायची घाई करू नये, आधी दोन घरांत, दोन चुलींवर करून घ्यावी.